डावा गाल

कंदील जरा बारीक करा अन् ऐका. ही गोष्ट ऐकीव नाही. आमच्या आजोबांच्या, गुंडेरावांच्या घरी हा तुळजाराम न्हावी पिढीजात वहिवाटीनं यायचा.

निजामाचं राज्य. फसली सन तेराशे सत्तेचाळीस, येळवशीची, म्हणजे शेतात पूजा-जेवणाच्या अमावास्येची रात्र. शेजारच्या गावात पहाटेच दहाव्याची हजामत होती, म्हणून तुळजाराम धोकटी काखेला मारून निंबर्ग्याहून निघाला.

वस्तऱ्याला धार लावावी तर त्यानंच. दगडावर तेल सोडायचं, पातं निजवून फिरवायचं, मग चामड्याच्या पट्ट्यावर उलटंसुलटं ओढायचं. हे सारं थोरल्या भावानं, काशाप्पानं हात धरून शिकवलेलं. पण देशमुखाची दाढी काशाप्पाच करायचा, अन् तेच धाकट्याला सलायचं. एका रात्री त्यानं भावाच्या वस्तऱ्याची धार दगडावर उभी घासली. करवत करून टाकली. सकाळी म्हणाला, "धार लावून ठिवलीय, अण्णा."

काशाप्पानं बघितलंसुद्धा नाही. भाऊच तो!

देशमुखाचा डावा गाल फाटला. काशाप्पाला चावडीपुढं चाबकानं फोडलं, अन् गावकी, म्हणजे गावच्या न्हावीपणाचा मान, तुळजारामाकडं आली. वर्षाच्या आत काशाप्पानं अंथरूण धरलं. त्याची बायको अनसाबाई दारात येऊन म्हणाली, "भावजी, येवढी दाढी तर करून जावा. माणूस वळखू यीना झालाय."

"बघू," तुळजाराम म्हणाला. गेला नाही. काशाप्पा तसाच, वाढल्या दाढीनं चितेवर जळाला.

तर त्या येळवशीच्या रात्री ओढ्याजवळ एक म्हातारा बसलेला. अंगावर घोंगडी, दाढी छातीपर्यंत.

"दाढी करतोस का, बाबा?"

"येवढ्या रातीचं कामून?"

"लई दिवस थांबलोय."

तुळजारामानं कंदील ठेवला. ओढ्याचं पाणी लावलं. वस्तरा फिरवला. एक केस तुटला नाही.

"धार न्हाई," म्हातारा म्हणाला.

पट्ट्यावर ओढला. पुन्हा फिरवला. नाही.

"धार न्हाई."

दगड काढला. घासला. बोटं कापली, रक्त आलं... दाढीचा केस तुटेना.

"धार... चांगली लावलीय मी."

"मला बी असंच म्हणला व्हतास, तुळजा."

कंदील जळत होता. तुळजारामाला वर बघवेना.

"अण्णा...?"

"दे इकडं."

वस्तरा हातातून गेला. पट्ट्यावर आवाज आला. एकदा... दोनदा... मग थांबला.

गालाला गार काहीतरी लागलं.

येळवशीला शेतावर मुक्काम करून सकाळी परतणाऱ्यांना तुळजाराम ओढ्याकाठी बसलेला सापडला. डाव्या बाजूची दाढी-मिशी साफ उतरवलेली. ओरखडासुद्धा नाही.

त्यानं पुन्हा वस्तरा हातात धरला नाही. दुसऱ्या न्हाव्यालाही तोंडाला हात लावू दिला नाही. अकरा वर्षं जगला. उजवीकडची दाढी वाढत छातीवर आली, पांढरी झाली.

डाव्या गालावर मरेपर्यंत लवसुद्धा फुटली नाही.