चौथा खांब

मरोद्यातल्या त्या रेल्वे क्वार्टरच्या अंगणात सकाळचं ऊन सावकाश उतरत होतं. आधी ते पाण्याच्या टाकीवर टेकलं, मग दोरीवर वाळणाऱ्या निळ्या सदऱ्यावर आलं. कडुलिंबाला टांगलेल्या सायकलच्या रिमा, रंगाचे रिकामे डबे, रुळाचे तीन तुकडे असं एकेक उजळत, कसलीही घाई नसल्यासारखं, ते बाजेवर पेपर वाचणाऱ्या धोंडबा आबांच्या चष्म्यावर येऊन थांबलं.

त्यांच्या नातवाने, प्रफुलने, पाठीमागे रुळाच्या तुकड्यावर हातोडी मारली. टण्ण्! कबुतरं भर्रकन उडाली. आबांनी पान उलटलं.

'वाचनात गढलेत,' प्रफुलने स्वतःला सांगितलं. मग समोर जाऊन विचारलं, "आबा, कसं वाजलं?"

आबांनी त्याच्या ओठांकडे पाहिलं. "लय बेस!"

आबांनी रेल्वेत तीस वर्षं डब्यांची चाकं हातोडीने ठोकून तपासली होती. चाकाला तडा असला की आवाज बसका येतो. ते ऐकायला प्रफुलला त्यांनीच शिकवलं होतं. मोहल्ल्यात अजूनही लोखंडाच्या बाबतीत आबांचा शब्द म्हणजे शिक्का!

संध्याकाळी बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम होता. प्रफुल, त्याची चुलतबहीण दीक्षा आणि दोस्त विक्की विहाराच्या मैदानात रिमा, डबे, रुळाचे तुकडे अशी आपली घरगुती वाद्यं वाजवणार होते. वाद्यं हातगाडीवर लादून तिघं तिथे पोचले. चार लोखंडी खांबांवर दिव्यांची जडशीळ चौकट चढवलेली होती.

"हे खांब बी वाजवू ना बे!" विक्की म्हणाला. "फुकटची घंटा!"

"तुझं डोकं वाजव, ते बी पोकळच हाय!" दीक्षा हसली.

पहिला खांब खणखणला. दुसरा, तिसराही. चौथा मात्र थप्प करून गप्प झाला. प्रफुलच्या अंगावर काटा आला. त्याच खांबाखाली लहानग्यांसाठी सतरंजी अंथरली होती, आणि दीक्षाची धाकटी बहीण मोना आत्ताच तिच्यावर जागा धरून बसली होती.

"कावून ठोकून राहिले रे पोट्टेहो?" मंडपवाले दयाराम ओरडले. "धोंडबाजीनं कालच चारही ठोकून पास केले!"

"आबा चुकत नाहीत," प्रफुल घाईने म्हणाला.

"मंग तुझा कान चुकला?" दीक्षाने विचारलं.

प्रफुलने चौथा खांब पुन्हा ठोकला. पुन्हा थप्प. दीक्षाने त्याची बाही ओढली. "आबाच सांगतात ना, कानावर भरवसा नसंल तर डोळ्यानं पाहाचं? घासलेट अन् खडू!"

विक्कीचे डोळे चमकले. "दयारामकाका, बेबीताईची भजी संपून राहिली! शेवटचा घाणा!"

काका आपल्या दोन्ही माणसांसह धावले! दीक्षाने मोनाला सतरंजीवरून उठवलं. प्रफुलने चौथ्या खांबाच्या सांध्यावरचा ताजा चंदेरी रंग घासून काढला, हातगाडीवरच्या आबांच्या बाटलीतलं घासलेट लावलं, कोरडं पुसलं आणि वरून खडू चोळला. तिघं श्वास रोखून पाहत राहिले. आत मुरलेलं घासलेट बाहेर झिरपलं आणि पांढऱ्या खडूवर केसाएवढी काळी रेघ उमटली. ती हळूहळू वाढत खांबाला अर्धा वेढा घालून थांबली.

"तडा!" दीक्षा किंचाळली.

भजी हातात घेऊन परतलेल्या दयारामांचा घास तोंडातच राहिला. चौकट उतरवली. तोवर आबाही मैदानात येऊन पोचले होते. खांब आडवा करताना सांध्यापाशी कडाड आवाज झाला आणि त्याचे दोन तुकडे सतरंजीवर पडले.

"पोराईनं वाचवलं बापा!" बेबीताईंनी मोनाला घट्ट धरलं. "आबाचाच नातू शोभला!"

"चूक माझी," दयाराम खाली मान घालून म्हणाले. "रंगाखाली पाहाचं होतं मले. पण धोंडबाजी, तुमी तर..."

आबा गर्दीकडे पाठ करून उकिडवे बसले होते. तुटक्या तुकड्यावर ते हातोडी मारत होते आणि कान टेकवत होते. पुन्हा मारत होते, पुन्हा टेकवत होते.

रंगामुळे फसले असतील, असं प्रफुलला म्हणायचं होतं. ते वाक्य त्याच्या ओठांपर्यंत आलंही होतं.

"आबा," त्याने हाक मारली. मग मोठ्याने, "आबा!" मग सगळं मैदान वळून बघेल एवढ्या जोराने.

आबांना ऐकू येत नव्हतं. गेल्या हिवाळ्यापासूनच येत नव्हतं.