मला आणि मले

नागपूरच्या नंदनवन भागातल्या त्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण सुरू झाले की कूलर बंद करावा लागे; त्याची घरघर माइकमध्ये शिरू नये म्हणून. मे महिन्याच्या दुपारी बंद काचेआड घाम गाळीत विक्रम आपल्या 'तिरकस' या रॉक बँडचा चौथा अल्बम गात होता. आधीचे तिन्ही अल्बम म्हणजे तरुणपणीचा धांगडधिंगा, असे तो स्वतःच सांगे. हा मात्र प्रौढ, संयत, आणि मुंबईच्या कंपनीने ऐकण्यापूर्वीच स्वीकारलेला.

गीते धम्मानंदची होती. बँडचा हा जुना ड्रमर गेल्या वर्षी काविळीने गेला, आणि गीतकार म्हणून विक्रमने आपले नाव घातले. कोणी विचारलेच, तर युक्तिवाद तयार होता: धम्मानंदच्या ओळींतले नागपुरी 'मले', 'तुले' काढून आपण तेथे 'मला', 'तुला' बसवले, ज्याने भाषा घडवली, तोच गीतकार.

ध्वनिमुद्रक सुशीलने पहिली ओळ ऐकवली आणि मध्येच थांबवली.

"'मले' म्हणून राहिला तू."

"मी 'मला' म्हटलं."

"मंग काय तुयी आत्या गाऊन राहिली?"

विक्रमने ओळ पुन्हा गायिली, अक्षर न् अक्षर तोलून. पुन्हा 'मले'. त्याने माइकवर संशय घेतला, यंत्रावर घेतला, सुशीलच्या कानांवरही घेतला. अखेर केवळ तो एक शब्द मुद्रित करवला. सुशील काचेतून त्याच्या ओठांकडे टक लावून होता. ओठ 'मला'वर उघडले. स्पीकरमधून आले ते 'मले'. खर्जातले, शेवटी हसू दाबल्यासारखे.

सुशीलने हेडफोन काढून ठेवले. "धम्माचा आवाज आहे हा," तो म्हणाला. त्यानंतर त्याने थट्टा केली नाही.

विक्रमने पाणी मागितले. ते शब्दही त्याच आवाजात उमटले, आणि या वेळी मध्ये कोणतेही यंत्र नव्हते.

तो तसाच निघून कळमन्याला धम्मानंदच्या घरी गेला. त्याची आई, तुळसाबाई, दारात कांदे निवडीत बसली होती. विक्रमने सारे कबूल केले: अल्बमवर नाव धम्मानंदचेच येईल, शब्दही होते तसेच राहतील. मेलेल्या मुलाच्या आवाजातले हे बोलणे तिने शांतपणे ऐकून घेतले. दचकली नाही, वर पाहिलेही नाही.

"शब्द घेतले त्याचे," ती म्हणाली. "आवाज काहून सोडला होता गा? तोही घेऊन जाय."

ती उठली. आतून कडी लागली.

रस्त्यावर उभे राहून विक्रमने घरच्या लँडलाइनवर पत्नीला, चारुलताला, फोन लावला.

"कोण बोलून राहिले?"

त्याने आपले नाव सांगितले.

ती हसली. "मस्करी करता काय, भाऊ? ते आत्ताच आले घरी. आंघोळ करून राहिले. थांबा, बोलावते."

पलीकडे नळ बंद झाला.

ओली पावले फोनच्या दिशेने येऊ लागली.