वाऱ्याला आडवं

कातळबंदरच्या शीतगृहात (मासळी गोठवून साठवण्याच्या कारखान्यात) माणसांच्या जिवासाठी पाच सोयी होत्या. एक फसली तर दुसरी, दुसरी फसली तर तिसरी. तरीही त्या मंगळवारी सकाळी अमोनिया वायू सुटला आणि पाचांतली एकही कामाला आली नाही. पाच सोयी एकाच दिवशी कशा फसतात, हे कोडं गावात कुणाला पडलंच नाही. गावाला उत्तर आधीच मिळालं होतं. दिगंबर मयेकर.

बारा वर्षांच्या शर्वरीचे ते बाबा. यंत्रखोलीत त्यांची पाळी होती आणि धोक्याची घंटा त्यांनी स्वतःच्या हाताने बंद केली होती. हे खोटं नव्हतं. तेवीस माणसं इस्पितळात गेली, आणि मयेकरांच्याच आळीत जाळी विणणाऱ्या सुलभामावशी परत आल्या नाहीत. तेव्हापासून बाबा ओटीवर भिंतीकडे तोंड करून बसत. वाणी शर्वरीला साखर बांधून देई, पण मान वर करत नसे.

नवव्या दिवशी अपघात तपासणारा सरकारी यंत्रमानव दारात आला. कमरेएवढा, सहा चाकांचा, लांब बारीक हातांचा. कागदोपत्री त्याचं नाव तपास-सात होतं. गाव त्याला तपासराव म्हणू लागलं होतं.

"मयेकर, कुणी केलं ते मला नको," तो म्हणाला. "काय काय घडलं, ते सांगा."

इतक्या दिवसांत बाबांना असं कुणी विचारलं नव्हतं. ते हळूहळू वळले.

"घंटा मी बंद केली."

"का?"

"दिवसातून तीस-चाळीस वेळा उगीच वाजायची. खाऱ्या हवेनं संवेदक (हवेतला वायू ओळखणारं उपकरण) खराब झाला होता. बदला म्हणून चार वेळा लिहून दिलं. हंगाम संपल्यावर बघू, म्हणाले. मग हाताला सवयच लागली. वाजली की बटण दाबायचं. त्या दिवशी खरी वाजली, तरी हात तसाच गेला."

"ही एक सोय झाली," तपासराव म्हणाला. "बाकीच्या चार कुठे होत्या?"

आई चुलीपाशी तांदळाची पातळ, जाळीदार घावनं घालत होती. तपासराव तिकडे वळला. "वहिनी, पाच घावनं देता? खाणार नाही, दाखवायला हवीत."

आईने ताटली पुढे केली. तपासरावाने एक घावन खिडकीशी धरलं. त्याच्या जाळीतून उन्हाचे ठिपके शर्वरीच्या फ्रॉकवर पडले.

"हा पाइप समज. याला भोकं आहेतच. जगातल्या कुठल्याच सोयीला भोक नाही असं होत नाही." त्याने दुसरं घावन त्यावर ठेवलं, मग तिसरं, चौथं, पाचवं. ठिपके नाहीसे झाले. "एकाचं भोक दुसरं झाकतं. म्हणून पाच लागतात. आता बघ." त्याची बारीक बोटं घावनं एकमेकांवर किंचित सरकवत राहिली. बराच वेळ काही झालं नाही. मग एकच सुईएवढा किरण पाचांतून आरपार आला आणि तिच्या मनगटावर पडला.

"पाचांची भोकं एका रेषेत आली," शर्वरी म्हणाली.

"त्यालाच अपघात म्हणतात."

मग एकेक भोक कळत गेलं. पाइपाची जाडी दरवर्षी मोजायची असते. यंदा कोळंबीची मागणी मोठी होती, कारखाना दोन दिवस बंद ठेवायला नको, म्हणून मोजणी पुढे ढकलली. आतून गंज चढला होता. वायू सुटला की आपोआप मिटणारी झडप होती, पण ती मध्येच मिटून काम थांबायचं, म्हणून वरून हुकूम आला आणि तिला खिट्टी मारून उघडीच ठेवली. वायूपासून वाचवणारे मुखवटे नवेकोरे होते, पण चोरीला जातील म्हणून कपाटाला कुलूप, आणि किल्ली फाटकावरच्या रखवालदाराकडे.

"आणि पाचवी सोय?" बाबांनी विचारलं.

"सराव," तपासराव म्हणाला. "अमोनियाचा थंड ढग आधी धुक्यासारखा जमिनीलगत सरपटतो आणि वाऱ्याबरोबर जातो. वाऱ्याबरोबर धावलं तर तो पाठ सोडत नाही. वाऱ्याला आडवं चालायचं, म्हणजे ढग बाजूने निघून जातो. हे शिकवायला शाळेची मुलं घरोघरी गेली होती. तुमच्या आळीत अकरा घरं, यादीत अकरांपुढेही 'शिकवलं' अशी खूण आहे. मग सुलभाताई धक्क्याकडे का धावल्या, ते मला कळत नाही. वारा तिकडेच चालला होता."

शर्वरीचे कान एकदम तापले. ती खूण तिची होती. शाळेच्या पाटीवर (हातात मावणाऱ्या पडद्यावर) तिने स्वतः केलेली.

"मी चारच घरं केली," ती म्हणाली. "ऊन फार होतं. बाकीच्या सात घरांपुढे तशीच खूण केली. मावशीचं घर सहावं."

चुलीवरचं घावन करपल्याचा वास आला. कुणी उठलं नाही. बाबा पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ बघत होते.

"म्हणजे माझ्यामुळे?"

तपासरावाने ताटलीतलं पाचवं घावन उचललं. "हे पाचव्या घावनाचं भोक. ते तू पाडलंस. खूण खरी की खोटी हे बघायला मोठ्यांपैकी कुणी आलं नाही, तेही त्याच भोकात धर."

"मग माझी चूक नाही?"

"तसं मी म्हटलं नाही."

त्या रात्री ती जेवली नाही. बाबांनी तिला समजावलं नाही. पण सकाळी ओटीवर ती त्यांच्याशेजारी जाऊन बसली, तेव्हा ते थोडे सरकले आणि तिला जागा दिली.

सुनावणी शाळेच्या सभागृहात झाली. चौकशी अधिकाऱ्यांसमोर मसुदा तयार होता, कामगाराच्या चुकीमुळे अपघात. शर्वरी उभी राहिली आणि चार घरांचं सगळं सांगितलं. मागून कुणीतरी म्हणालं, "बापाला वाचवायला पोर खोटं बोलतेय." सुलभामावशींचा मुलगा सुहास पहिल्या रांगेत होता. तो उठून बाहेर गेला. कारखान्याचे व्यवस्थापक हसून म्हणाले, "बाळ, ही मोठ्यांची गोष्ट आहे." मग फाटकावरचा रखवालदार उठला. "किल्ली माझ्या खिशात होती, साहेब. आणि त्या वेळी मी चहाला गेलो होतो." खिट्टी मारायचा हुकूम कुणी दिला, हे मात्र कुणीच सांगितलं नाही.

अहवाल छापून आला. पहिल्याच ओळीत दिगंबर मयेकरांचं नाव होतं. त्यांची नोकरी गेली. व्यवस्थापकांची दुसऱ्या कारखान्यात बदली झाली, पगार वाढवून, असं लोक म्हणत. तपासरावाची पाच भोकं शेवटच्या परिशिष्टात (अहवालाला मागे जोडलेल्या पानांत) बारीक टायपात होती. ती कोण वाचणार?

एकीने वाचली. किनाऱ्यावर चाळीस किलोमीटर दूर, आडगरच्या शीतगृहात यंत्रखोली सांभाळणाऱ्या रोहिणी भाटकर यांनी. सात महिन्यांनी त्यांचा निरोप आला. बाबा ओटीवरच होते. शर्वरीने पाटीवरून वाचून दाखवला. आदल्या सोमवारी तिथला पाइप फुटला होता.

बाबांनी डोळे मिटले. "कपाट?"

"उघडं होतं. त्यांनी कुलूपच काढून टाकलं होतं."

"झडप?"

"मिटली. खिट्टी होती, ती त्यांनी मार्चमध्येच काढायला लावली."

"घंटा?"

"वाजली. संवेदक नवा आहे."

"माणसं किती होती?"

"एकशे बारा. वाऱ्याला आडवं चालत टेकाडावर गेली. दोघांचे डोळे चुरचुरले."

"पेपरात आलं नाही," बाबा म्हणाले.

"नाही."

"आमचं आठ दिवस येत होतं."

शर्वरीने निरोपाची शेवटची ओळ वाचली. रोहिणीताईंच्या सगळ्या पाळ्यांसमोर बाबांनी येऊन बोलावं, अशी त्यांची विनंती होती. शनिवारी.

"मी काय सांगणार त्यांना?"

"कुठलं बटण दाबलं, ते," शर्वरी म्हणाली. "आणि का. मी पण येते. मला सात घरांचं सांगायचंय."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग आत हाक मारून आईला विचारलं, आडगरची पहिली गाडी किती वाजता सुटते.