मामांच्या खोलीतली रॅम

पटत नसेल तर पुढे वाचू नका. मला कुणाला पटवायचं नाहीये. पण यातला एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही.

कुमासी, आमचं शहर. जानेवारीतला गुरुवार, दुपारचे तीन. रात्र नव्हती, वादळ नव्हतं. अंगणात बायका भांडी घासत होत्या.

मी ओतेंग. चौदा वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतोय. माझे आग्यापाँग मामा दीड महिन्यापूर्वी गेले होते आणि शनिवारी त्यांचा अंत्यविधी होता; आमच्यात तोवर देह शवागारात ठेवतात. त्यांच्या आयुष्यावरची पुस्तिका गुरुवारी संध्याकाळपर्यंत छापखान्यात द्यायची होती. ते काम माझी ताई, कोनादू, घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर करत होती.

आणि तो कॉम्प्युटर... एक फोटो टाकला की अडकून बसायचा.

"अरे, हा उघडेपर्यंत मामा उठून बसतील!" ताई करवादली. "जगाची मशिनं पळवतोस, घरचं मात्र रांगतंय."

रॅम कमी पडत होती. रॅमची तसली जुनी पट्टी त्या दिवशी बाजारात कुठेच मिळेना.

एकाच ठिकाणी होती. मामांच्या कॉम्प्युटरमध्ये. मीच बसवली होती.

मामांच्या खोलीला कुलूप होतं. आमच्यात गेलेल्या माणसाची सुईसुद्धा अंत्यविधी होईपर्यंत हलवत नाहीत. मग दुसऱ्या दिवशी घराण्यातले मोठे सगळ्यांसमोर वाटणी करतात. मामाचं जे असेल ते भाच्याला. म्हणजे मलाच.

रविवारी ती पट्टी माझीच होणार होती. मी गुरुवारी घेतली. एवढंच.

मागच्या खिडकीच्या आडव्या काचा सरकवून काढल्या, आत शिरलो, पट्टी काढली, काचा परत लावल्या. आत असताना मामांच्या वेताच्या खुर्चीकडे एकदाही बघितलं नाही. का, ते विचारू नका.

पट्टी बसवली आणि मशीन धावायला लागलं.

"शाब्बास रे माझ्या वाघा!" ताई खूश झाली. भराभर अर्धं पान टाइप केलं.

...आणि लाइट गेली.

पंखा थांबला. स्क्रीन काळी. ताई पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली. मी एकटाच होतो.

टक...

टक... टक...

कीबोर्डच्या कळा दाबल्या जात होत्या. सावकाश. एका बोटाने. मामा तसंच टाइप करायचे.

मी जागचा हललो नाही. हलताच येईना.

लाइट आली तशी ताई धावत आली. "सेव्ह केलं नव्हतं रे! गेलं सगळं!"

गेलं नव्हतं.

लाइट गेली की रॅममधलं सगळं पुसलं जातं, हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगतो. तरी ते अर्धं पान जसंच्या तसं समोर होतं. त्याखाली एक ओळ...

"हे अजून माझं आहे."

ताईने वाचलं आणि माझ्या पाठीत धपाटा घातला. "मेल्या, ही काय थट्टा करायची वेळ आहे?"

मी हसलो. तिला तसंच वाटू दिलं. तिने ती ओळ पुसली. संध्याकाळी पुस्तिका छापखान्यात गेली.

शुक्रवारी सकाळी नानांनी मामांची खोली उघडली. नाना म्हणजे आमच्या घराण्यातले सगळ्यात वडील. खिडकीची एक काच उलटी लागलेली त्यांना दिसली. सगळ्यांना अंगणात गोळा केलं.

"घड्याळ आहे, कपडे आहेत, वहाणा आहेत. काय गेलंय कळेना. पण कुणीतरी शिरलंय. आत्ता बोला, मी चार शिव्या देईन आणि विसरून जाईन. नाहीतर उद्या मी आग्यापाँगलाच शोधायला सांगेन."

कुणी बोलेना.

मीही नाही. लोक विश्वासाने मशिनं माझ्याकडे सोडून जातात. चोर म्हटल्यावर कोण येईल? लाज वाटली हो. नुसती लाज.

"शोधू देत मामांना त्या मेल्याला," ताई माझ्या कानात म्हणाली.

शनिवारी आम्ही सगळे सुतकाच्या लाल-काळ्या कपड्यांत उभे होतो. नानांनी शवपेटीजवळ जमिनीवर पितरांसाठी दारू ओतली.

"आग्यापाँग, ज्या हातांनी तुझी वस्तू वापरली... ते हात तू धर."

'घेतली' म्हणाले नाहीत. 'वापरली' म्हणाले.

मी माझ्या मुठी आवळल्या.

किंचाळली ताई.

"कोण आहे? सोड! गार पडले हात माझे... अरे सोड ना!"

तिच्यासमोर कुणीच नव्हतं.

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी काय केलं? पुस्तिका झाल्यावर काढून खिशात ठेवलेली ती पट्टी मूठभर मातीबरोबर गुपचूप कबरीत टाकली. वाटलं, परत मिळाली की मामा सोडतील.

सोडलं नाही.

दोन वर्षं झाली. तीन डॉक्टर झाले. सगळे म्हणतात, दोष काहीच नाही. पण ताईची बोटं मिटत नाहीत, आणि भर दुपारी तिचे हात बर्फासारखे असतात. मनगटाभोवती कुणीतरी घट्ट धरलंय, असं ती सांगते. रोज कंद कुटून केलेल्या फुफूचा घास मीच तिला भरवतो.

परवा घास गिळून म्हणाली, "तू होतास म्हणून मामांची पुस्तिका वेळेत झाली रे. ते वरून आशीर्वाद देत असतील तुला."

मी मान खाली घालून पुढचा घास केला.

खरं सांगितलं तर तिचे हात सुटतील, असं मला आतून वाटतं. आणि मग ते कुणाचे धरतील, हेही माहीत आहे.

उद्या सांगेन. दोन वर्षं रोज असंच म्हणतोय.