तिथेच थांबा, मी आलोच

ही घटना खरी आहे. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. ज्यांच्या बाबतीत हे घडलं ते माझे सख्खे मामा. मामा थापा मारतात, नाही असं नाही, पण त्या फक्त स्वतःच्या तारुण्याबद्दल. हे सांगताना मात्र त्यांचा आवाज बसतो. मध्येच थांबतात, दाराकडे बघतात, आणि मग पुढचं सांगतात.

मामा शहरातल्या सगळ्यात मोठ्या बागेत नोकरीला होते. या शहरात बागा भरपूर. नदीकाठची आहे, टेकडीवरची आहे, जुन्या तलावाभोवतीची आहे. पण मामांच्या बागेत एक गोष्ट होती जी दुसरीकडे कुठे नव्हती.

भूलभुलैया.

माणसाच्या डोक्याहून उंच मेंदीच्या भिंती. त्यांच्यामधून वळणावळणाच्या चिंचोळ्या वाटा. अगदी मध्यभागी एक दगडी बाक. आत जाणं सोपं, बाहेर येताना भल्याभल्यांची दांडी गुल व्हायची.

म्हणून बाजूला एक मनोरा होता. मामा त्याच्यावर बसायचे. वरून सगळ्या वाटा तळहातावरच्या रेषांसारख्या दिसायच्या. कोणी चुकलं की खालून हाक यायची, "मामा, कुठे वळू?" तिथेही सगळे त्यांना मामाच म्हणायचे. मग मामा वरून सांगायचे, "डावीकडे. आता सरळ. आता उजवीकडे." एखादा फारच गोंधळला तर ते ओरडायचे, "तिथेच थांबा, मी आलोच." आणि खाली उतरून त्याला हाताला धरून बाहेर आणायचे.

मनोऱ्यावर एक लाल झेंडा असायचा. अंधारायच्या आत मामा शेवटची हाक द्यायचे, "कोणी आहे का आत?" उत्तर आलं नाही की झेंडा उतरवायचे. झेंडा उतरला म्हणजे आत कोणी नाही. तो बघून फाटकवाला बागेचं फाटक लावायचा.

मामांच्या शब्दावर फाटक लागायचं. एवढं लक्षात ठेवा.

थंडीचे दिवस होते. दुपार कलल्यावर एक म्हाताऱ्या बाई आल्या. हातात कापडी पिशवी. मनोऱ्याखाली त्यांनी चपला काढल्या आणि व्यवस्थित जोडून ठेवल्या.

"अहो, जरा लक्ष ठेवा हं यांच्यावर," त्या वर बघून म्हणाल्या.

"अनवाणी जाताय? गवत गार आहे, आजी."

"म्हणून तर. मुलाचं घर पार वरच्या मजल्यावर. पायाला माती म्हणून लागत नाही. मग मी एकेक बाग करते. नदीकाठची झाली, टेकडीवरची झाली. आज तुमची."

मामा हसले. बाई आत गेल्या.

उन्हं उतरली. लोक पांगले. तेवढ्यात बागेच्या कचेरीतून शिपाई पळत आला. मोठ्या साहेबांची बदली झाली होती, निरोपाचा चहा होता आणि सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचा होता.

"मामा, लवकर चला. उजेड जातोय. साहेब खोळंबलेत."

मामांना फोटोची भारी हौस. खिशात कंगवा कायम. ते भांग पाडत उठले, तोच भूलभुलैयातून हाक आली.

"अहो... कुठे वळू मी?"

मामांनी डोकावून बघितलं. बाई मध्यभागी होत्या, बाकाजवळ. तिथून बाहेर आणायचं म्हणजे निदान पाच-दहा मिनिटं एकेक वळण सांगत बसावं लागणार. आणि शिपाई तर निरोप देऊन पुढे पळालाही होता.

"आजी, तिथेच थांबा. मी आलोच."

"बरं. थांबते."

एवढंच म्हणाल्या त्या. बरं, थांबते.

मामांच्या मनात होतं, फोटो काढायचा आणि लगेच परत यायचं. पण पुन्हा मनोरा चढायला नको, म्हणून त्यांनी झेंडा आत्ताच उतरवून पेटीत टाकला.

फोटो झाला. मग चहा झाला, साहेबांचं भाषण झालं. साहेब म्हणाले, "मामा, तुमच्याच बाजूला चाललोय, बसा गाडीत." साहेबांच्या गाडीतून घरी जायचं, गल्लीतल्या सगळ्यांनी बघायचं... मामा बसले.

बाईंची आठवण त्यांना झालीच नाही. खोटं नाही. शपथेवर सांगतात मामा, झालीच नाही.

रात्री कडाक्याची थंडी पडली.

सकाळी मामा बागेत आले. धुकं होतं. मनोऱ्याच्या पायरीपाशी पोचले...

आणि तिथेच थांबले.

चपला.

जोडून ठेवलेल्या. दवाने भिजलेल्या.

चपला बाहेर म्हणजे माणूस आत. हे शेंबड्या पोरालाही कळतं. मामा धडपडत वर चढले आणि त्यांनी खाली बघितलं.

बाई बाकावर बसल्या होत्या. ताठ. पिशवी मांडीवर. तोंड वर, मनोऱ्याकडे.

वाट बघत.

मामा खाली धावले नाहीत. आधी त्यांनी जे केलं, ते सांगताना ते आजही मान वर करत नाहीत. त्यांनी पायरीवरच्या त्या चपला उचलल्या आणि झेंड्याच्या पेटीत, अगदी तळाशी, पालथ्या घालून लपवल्या. मग आरडाओरडा करून लोकांना बोलावलं.

डॉक्टर म्हणाले, थंडीने म्हातारं हृदय बंद पडलं. पहाटे कधीतरी. चौकशी झाली. मामांनी कानावर हात ठेवले. बाई आत गेलेल्या मी बघितल्या नाहीत, हाक ऐकली नाही. कुठल्यातरी फटीतून शिरल्या असतील, असं ठरलं आणि विषय मिटला.

बाईंचा मुलगा चष्म्याच्या दुकानात कामाला होता. तो तेव्हा एकच गोष्ट विचारत होता.

"आईच्या चपला कुठे गेल्या?"



काही दिवसांनी भूलभुलैया पुन्हा उघडला. मामा मनोऱ्यावर बसले. दिवस नेहमीसारखा गेला. फक्त एक गोष्ट त्यांना खटकली. संध्याकाळी मेंदीत चिमण्यांचा एवढा कलकलाट असतो की कान किटतात. त्या दिवशी मधल्या बाकाच्या आसपास एकही चिमणी नव्हती.

मामांनी शेवटची हाक दिली, "कोणी आहे का आत?"

शांतता.

मामा झेंड्याकडे वळले...

"आहे हो. थांबलेय मी."

मामा गर्रकन वळले. त्यांनी खाली बघितलं. सगळ्या वाटा रिकाम्या होत्या. बाक रिकामं होतं. आवाजात राग नव्हता, रडणं नव्हतं. डॉक्टरकडे नंबर लावून बसलेल्या माणसाचा असतो तसा शहाणा, समजूतदार आवाज.

झेंडा ठेवायला त्यांनी पेटी उघडली. चपला तळाशी नव्हत्या. वर आल्या होत्या, आणि पालथ्याही नव्हत्या. घालायला सोप्या पडाव्यात तशा, जोडून ठेवलेल्या.

मामांनी त्या पुन्हा पालथ्या घातल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग रोजच.

घरी मामींना वाटलं, तब्येत बिघडली. जेवण कमी झालं, झोप उडाली. "काय होतंय तुम्हाला?" मामी विचारायच्या. "काही नाही," मामा म्हणायचे. साहेबांच्या निरोपाचा तो फोटो कचेरीने सगळ्यांना दिला होता. मामींनी तो हौसेने भिंतीवर लावला. फोटोत मामा पहिल्या रांगेत, व्यवस्थित भांग पाडून हसतायत. मागे मनोरा दिसतो. त्याच्यावर झेंडा नाही.

मामांनी तो फोटो उतरवून कपाटामागे टाकला.

त्यातच चष्मेवाला रोज यायला लागला. दुकान सुटलं की यायचा, भूलभुलैयात जायचा, मधल्या बाकावर बसायचा. मामा त्याला वरून वाट सांगून बाहेर आणायचे. जाताना तो मनोऱ्याखाली थांबायचा.

"मामा, आईने त्या दिवशी हाक मारली होती का हो?"

"नाही हो."

"त्या दिवशी मीच तिला म्हणालो होतो, सारखी मध्ये मध्ये करू नकोस, जा कुठेतरी बागेत जाऊन बस. रात्री आली नाही, तर वाटलं रागावून कोणाकडे तरी गेली असेल. माझ्यामुळेच झालं सगळं."

 आपलं ओझं या पोराने डोक्यावर घेतलंय, हे मामांना दिसत होतं. लाज वाटत होती. पण नोकरी होती, घर होतं, लोक काय म्हणतील हे होतं. मामा गप्प राहिले. दिवसामागून दिवस गप्प राहिले.

एका संध्याकाळी धुकं लवकर उतरलं. वरून वाटा दिसेनाशा झाल्या. चष्मेवाला आत होता.

"मामा, काहीच दिसत नाहीये. कुठे वळू?"

मामांनी डोळे ताणले. काही कळेना. सवयीने तोंडातून गेलं,

"तिथेच थांबा. मी आलोच."

धुक्यातून उत्तर आलं...

"मागच्या वेळी पण असंच म्हणालात."

तो आवाज चष्मेवाल्याचा नव्हता.

मामा जिन्याकडे वळले. पळून जावं असं फार वाटलं. पण खाली एक माणूस थांबला होता, त्यांच्या शब्दावर. मामांनी पेटी उघडली, चपला उचलून छातीशी धरल्या आणि ते आत शिरले.

एरवी पाठ असलेल्या वाटा त्या धुक्यात आतून ओळखू येईनात. सगळ्या भिंती सारख्या. आणि भिंतीच्या पलीकडून, त्यांच्या बरोबरीने, कोणीतरी चालत होतं.

अनवाणी.

मामा थांबले की तेही थांबायचं.

कसेबसे ते बाकापर्यंत पोचले. चष्मेवाला बसला होता. मामांनी त्याच्या पायाशी चपला ठेवल्या आणि तिथेच गवतावर बसून ते ढसाढसा रडले.

"आईंनी हाक मारली होती. मी थांबायला सांगितलं. फोटो काढायला गेलो आणि विसरलो. चपलाही मीच लपवल्या. तुझी काही चूक नाही, बाळा. सगळी माझी."

चष्मेवाल्याने वाकून चपलांवरून हात फिरवला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"कसं?"

"इथे बसलो की रोज कानाशी कोणीतरी म्हणतं... बस जरा, ते येणार आहेत." त्याने डोळे पुसले. "मी तुमचीच वाट बघत होतो, मामा."

दोघं उठले. आता बाहेर कसं पडायचं? मनोऱ्यावर कोणीच नव्हतं.

तेवढ्यात वरून आवाज आला.

"डावीकडे वळा..."

बाईंचा आवाज. मनोऱ्यावरून.

"आता सरळ... आता उजवीकडे..."

दोघं एकमेकांचा हात धरून चालत राहिले.  एकही वळण चुकलं नाही. शेवटचं वळण आलं. फाटकाचा दिवा दिसायला लागला.

"तू ये, बाळा."

चष्मेवाला बाहेर पडला. मामांनी पाय उचलला...

"तुम्ही तिथेच थांबा. मी आलेच."

फाटकवाला आणि चष्मेवाला बॅटरी घेऊन आत आले, तेव्हा मामा त्याच वळणावर ताठ उभे होते. बाहेरची वाट हाताच्या अंतरावर.

"चला ना, मामा."

"नको. बाईंनी थांबायला सांगितलंय."

शेवटी दोघांनी त्यांना उचलून बाहेर आणलं. मनोऱ्यावर कोणी चढलेलं फाटकवाल्याने बघितलं नव्हतं. सकाळी बाकापाशी चपलाही नव्हत्या.

मामांनी कचेरीत जाऊन सगळं कबूल केलं. नोकरी गेली. चष्मेवाला अधूनमधून घरी येतो, मामांचा चष्मा नीट करून देतो. तो आता बरा आहे. बागेतही सगळं शांत आहे म्हणतात, चिमण्या परत आल्यात.

मामा मात्र संध्याकाळ झाली की घरातच, दाराकडे तोंड करून, खुर्ची टाकून बसतात. घरात कोणी सहज "थांबा, आलेच" म्हटलं तरी त्यांचा चेहरा पांढरा पडतो.

मागच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. दिवेलागणीची वेळ. मामा खुर्चीत, मी शेजारी. घरात आम्ही दोघंच. मामी दळण घेऊन बाहेरून आल्या आणि दारातच थबकल्या.

"अहो, कोण आलंय आपल्याकडे? बाहेर कोणा बाईच्या चपला आहेत."

मी मामांकडे बघितलं.

मामांनी खिशातून कंगवा काढला आणि शांतपणे भांग पाडायला लागले.