काठीचा जबाब

कंदील बारीक करा पोरींनो, आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. हा माणूस कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. खोटं रचण्याइतकी अक्कलच नव्हती त्याला.

ज्वालामुखीच्या माथ्यावर हादरे मोजायचं यंत्र आहे. त्याची बॅटरी बदलायला दर महिन्याला दोघं चढायचे, हा आणि त्याचा साडू. वर धुराने घसा जळतो, बोलता येत नाही. म्हणून रीत अशी, की पुढच्याने प्रत्येक वळणावर काठी दगडावर तीनदा आपटायची, मागच्याने दोनदा. उत्तर आल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही.

"बायकोसुद्धा माझी इतकी वाट बघत नाही," साडू म्हणायचा.

"तुझी कोण बघतंय? बॅटरी तुझ्या पाठीवर आहे."

एकदा उतरताना याला घरची घाई झाली. दोन वळणं उत्तराविनाच उतरला. साडू मागे खळग्यात बुटाची नाडी बांधायला वाकला होता. खळग्यात विषारी वायू साचतो, दिसत नाही. तो तिथेच राहिला.

वर्ष झालं. सतरा फेब्रुवारी, गुरुवार. साहेबांनी त्या दिवशी दुसरा माणूस दिलाच नाही. त्यांच्या खुर्चीला चढ कुठे असतो! हा दुपारी एकटाच निघाला. झाडीत माकडं होती, रानकोंबड्या होत्या. राखेचा उतार लागला तशी पाखरंही संपली.

बॅटरी बदलून साडेसातला परत फिरला. पहिल्या वळणावर सवयीने काठी आपटली. ठक. ठक. ठक. स्वतःलाच हसला.

मागून आलं... ठक. ठक.

"पळाला ना, काका?"

"नाही गं. रडला. त्याची बायको म्हणजे साडूच्या विधवेची सख्खी बहीण. वर्षभर घरात त्याच्याशी कुणी धड बोललं नव्हतं."

दुसरं वळण. उत्तर आलं.

तिसरं. आलं.

चौथं, खळग्याच्या वरचं. ठक. ठक. ठक.

...

काही नाही.

विजेरीत वाट स्वच्छ दिसत होती. घर दोन तासांवर. एक भेकर त्याच्या अंगावरून गेल्यासारखं खाली पळालं. खुरांचा आवाज... मग तोही नाही.

"या वेळी नाही सोडून जायचा मी," तो मोठ्याने म्हणाला. आणि दगडावर बसला.

माथ्यावरून राख पडू लागली. तो काठी आपटायचा. थांबायचा. पुन्हा आपटायचा.

रात्रभर.

सकाळी वारा सुटल्यावर आम्ही शोधायला चढलो. खळग्यात भेकर मरून पडलं होतं. जखम नाही, रक्त नाही. वीस पावलं वर हा, जिवंत.

राखेने सगळं करडं झालेलं. वाट, पिशवी, त्याचे गुडघे. फक्त त्याच्या डाव्या अंगाला, अगदी खेटून, बसल्या माणसाएवढी दगडावरची जागा काळी होती.

तिथे राखेचा एक कण नव्हता.