सत्तावीस नंबरचा बिल्ला

मिनिटभराचा अंधार संपला, दिवे लागले, आणि कोनाड्यातला डोमाचा बिल्ला जागेवर नव्हता.

तुमसर तालुक्यातल्या काळीटेकडीच्या खाणीतून आता मँगनीज निघत नाही. शाळांच्या सहली निघतात. पोरांच्या डोक्यावर दिव्याची टोपी चढवून त्यांना जुन्या बोगद्यात नेतात आणि टोकाशी सगळे दिवे विझवायला लावतात. खाणीतला अंधार काय चीज असते ते कळावं म्हणून. त्याच अंधारात सकाळी दहा वाजता कोणीतरी हात मारला होता.

दुपारी दोनला खासगी तपासनीस रक्षा कापगते भंडाऱ्याहून पोचली. सोबत आतेभाऊ भूपेंद्र. गाडी तो उत्तम चालवतो. डोकं चालवायचं काम मात्र ताईवर सोपवून मोकळा होतो.

फाटकात सहलीची बस अडवून ठेवली होती. पोरं खिडक्या बडवत होती, ड्रायव्हर उगाच इंजिन चालू-बंद करत होता. सहल फिरवणारा तेजराम, साठीला टेकलेला जुना खाणकामगार, धावतच आला. त्यानंच तिला फोन केला होता.

"मॅडम, मॅनेजर साहेबानं चार वाजेपर्यंत टाईम देल्ला हाये. मंग पोलीस, आन सहल कायमची बंद. मले त घरीच बसा लागंन."

"तुमच्यावरच काहून संशय, काका?"

"अंधारात हात नेमका तिथंच गेला, म्हनजे चोर खानीतलाच मानूस, म्हनते साहेब. आन खानीतला मानूस इथं मी एकटाच."

बोगद्याच्या तोंडाशी एक लाकडी फळा होता. त्यावर नंबर घातलेले खिळे आणि पितळी बिल्ले. आत जाताना प्रत्येकानं एक बिल्ला सोबत घ्यायचा, बाहेर आलं की परत टांगायचा. फळा भरला म्हणजे आत कोणी उरलं नाही. खाण चालू होती तेव्हाचा हा रिवाज सहलीच्या पोरांनाही पाळावा लागे.

"चाळीस खिळे, चाळीस बिल्ले," भूपेंद्र म्हणाला. "एक जागा रिकामी नाही. शिस्त पाह्य, ताई!"

"मोजले तू?"

"मंग? उभ्या उभ्या दुसरं काय करू?"

वरच्या ओळीतले बिल्ले घेऊन सगळे आत शिरले. सहलीसोबतच्या तिघा मोठ्या माणसांना रक्षानं मुद्दाम परत आत आणलं होतं. टोकाचा कोनाडा चांगलाच उंच होता. तिनं हात ताणला तेव्हा रिकाम्या खिळ्याला बोटं जेमतेम टेकली. म्हणजे पोरं सुटली.

"हा डोमा कोण?"

"अठ्ठ्याहत्तर साल. मंडईच्या जत्रेचा दिवस," तेजराम भिंतीकडे मान वळवून सांगू लागला. सांगून सांगून त्याला ते पाठ झालं होतं. "डोमाची पाळी सुटली. सत्तावीस नंबरचा बिल्ला त्यानं फळ्यावर टांगला, आन कोनाले न सांगता परत आत आला. छत कोसळलं. फळा भरलेला, म्हनून कोनी शोधलंच नाही. सकाळी मुर्दा भेटला. तवापासून त्याचा बिल्ला इथं, आन भायेरचा खिळा रिकामा. पोरायले मी हेच सांगतो, नियम मोडला का मानूस जाते."

पहिल्यांदा रक्षानं पवनीच्या शाळेच्या रिता मॅडमना विचारलं.

"आमच्या पिशव्या तपासल्या, मुलांचे मोजेसुद्धा काढायला लावले!" रिता मॅडम तडकल्या. त्यांच्या टोपीचा दिवा रक्षाच्या डोळ्यांत घुसला. "काल आंबागड पाहिला तेच पुरे होतं. मुलांना घरी कधी पोचवू मी?"

निकेश सहलीचे व्हिडिओ काढायला आला होता. जुन्या पितळेला भाव काय, असं त्यानं सकाळी तेजरामला विचारलं होतं.

"विचारनं म्हनजे चोरनं हाये का?" तो रक्षाच्या तोंडासमोर येऊन म्हणाला. तिनं डोळ्यांवर आडवा हात धरला.

तिसरे गोपीचंदबाबा. आसगावचे धानाचे शेतकरी, नात टीनासोबत आलेले. उंच, काटक, सदुसष्ट वर्षांचे.

"खाणीत आधी कधी आले होते, बाबा?"

"मी कायले येतो? आमचं काम चिखलातलं." त्यांचा दिवा भिंतीवर होता. रक्षाला त्यांचा नुसता कान दिसला.

"बिचारा लाजाळू," बाहेर येताना भूपेंद्र कुजबुजला. "बाईमानसाकडं पाहतबी नाही."

रक्षाला हसू आलं, पण घड्याळात सव्वातीन झाले होते.

फाटकाजवळ एक म्हातारी चहा देत होती. रुखमाबाई, डोमाची बायको, असं तेजरामनं सांगितलं.

"बिल्ला चोरीले गेला, आजी."

"जाऊ दे न माय." रुखमाबाईंनी कप पुढे केला. "मंडईले जाच होतं आमाले. मी नवं लुगडं नेसून दारात बसली होती. आन हा बाबा परत आत गेला. लगनाले सा महिने नव्हते झाले. त्याच्या बिल्ल्यासाठी मी काय रडू?"

पावणेचारला रक्षानं सगळ्यांना फळ्यापाशी बोलावलं. मॅनेजर धर्मेंद्र साहेब फोन हातात घेऊनच आले. रुखमाबाई किटली घेऊन मागे उभ्या राहिल्या.

"चोर खाणीतला माणूस आहे, हे साहेबांचं बरोबर," रक्षा म्हणाली. "पण तसा माणूस इथे एकच आहे, हे चूक. डोक्यावर दिवा असला की नवखा माणूस बोलताना समोरच्याचे डोळे दिपवतो. मॅडमनी दिपवले, निकेशनं दिपवले. खाणीत दिवस काढलेला माणूस बोलताना मान वळवतो, ती सवय मरेपर्यंत जात नाही. तेजरामकाकांनी वळवली. आणि कधीच खाणीत न आलेल्या गोपीचंदबाबांनीही."

गोपीचंदबाबांनी डोक्यावरची टोपी काढली.

"मंग बिल्ला कुठं हाये?" तेजराम ओरडला. "झडतीत त नाही भेटला!"

"झडती झाली फाटकाशी, फळ्यावर बिल्ले टांगून झाल्यावर. भूपेंद्र, किती होते?"

"चाळीस."

"काकांच्या सांगण्याप्रमाणे एक खिळा रिकामा हवा होता. काखेत कळसा अन गावाला वळसा, दुसरं काय!"

सगळ्यांनी एकदमच पाहिलं. सत्तावीस नंबरच्या खिळ्यावर सत्तावीस नंबरचा बिल्ला होता.

"सकाळपासून धा खेपा मारल्या इथून," तेजराम पुटपुटला.

"भरलेल्या फळ्याकडे कोण पाहतं, काका? अठ्ठ्याहत्तरमध्येही कोणी पाहिलं नाही." रक्षा गोपीचंदबाबांकडे वळली. "बिल्ला फळ्यावर आणि माणूस आत. म्हणजे एक तर डोमा टांगून परत गेला, नाहीतर त्याचा बिल्ला दुसऱ्यानंच टांगला. आज घाईत तुम्ही दोन टांगले, बाबा. तेव्हाचं मला सिद्ध करता येत नाही. ते तुम्हीच सांगा."

गोपीचंदबाबांनी सत्तावीस नंबरच्या बिल्ल्याला हात लावला. मग बोलले तेव्हा आवाज फाटला.

"माहा जोडीदार होता तो. मी वीस वर्साचा, मले मंडईत दंडारीचा खेळ पाहाची घाई. डोमा म्हने, तू हो पुढं, माहा बिल्ला टांग, सब्बल-पहार जागेवर ठेवून मी आलोच. मी दोनी टांगले आन पळालो. रातभर दंडार पाहिली. डाक्टर म्हनला, रातीच काढला असता त वाचला असता. माही बोलाची हिंमत नाही झाली. गाव सोडलं मी."

"आन आज काहून चोरला?" तेजरामनं विचारलं.

"माही नात ऐकून राहिली होती, बाबू. डोमानं नियम मोडला म्हनून. मले सहन नाही झालं. खरं काय ते त मले सांगता येत नव्हतं, बिल्ला तरी घेऊन जातो म्हटलं. मंग झडतीचं नाव निंगालं, आन हातानं जुनंच काम केलं."

धर्मेंद्र साहेबांनी फोन खिशात टाकला. तेजराम मटकन दगडावर बसला. पंधरा वर्षं तो पोरांना एका निर्दोष माणसाची चूक शिकवत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, तीही रोज. आपली नोकरी वाचली, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

रुखमाबाई पुढे आल्या. गोपीचंदबाबांनी हात जोडले, पण त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

"आलोच, असा म्हनला तो?"

"हो वैनी. आलोच म्हनला."

त्यांनी किटली खाली ठेवली. पदर तोंडाला लावला, आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडल्या.

"सत्तेचाळीस वर्सं शिव्या देल्या मी त्याले," त्या म्हणाल्या. "तो त घराकडंच येऊन राहिला होता."